शेणवी, सिनाय, शेणॉय

देवालयाच्या महाजनकीचा वाद आमच्यापुढे आला की पहिला घोटाळा बहुधा आडनावाचा असतो. आजोबांची नोंद ‘सिनाय’, वडिलांची ‘शेणवी’, आणि मंगळूरहून आलेला नातू सही करतो ‘शेणॉय’. ही एकाच कुळातली माणसे कशावरून, असे प्रतिपक्ष विचारतो. पोर्तुगीज अमदानीतील 1933 च्या मझानियांच्या कायद्याने महाजनांची नावे नोंदवहीत बांधून टाकली; तेव्हापासून हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा उरलेला नाही.

वास्तविक ‘शेणवी’ हे गोव्यात आडनाव नव्हेच. व्यक्तीचे नाव आणि गावावरून पडलेले आडनाव यांच्यामध्ये बसणारे ते उपपद. इतिहासकार पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (1894–1969) हे शेणवी पिसुर्लेकर. रोमी लिपीत तेच ‘सिनाय पिसुर्लेंकार’. तेथे ‘क’ लिहिला जातो ‘सी’ या अक्षराने, कारण पोर्तुगीज लेखनात ‘के’ला फारसे स्थान नाही. मधला अनुस्वार मात्र कोकणी उच्चाराचा. मराठीत आपण गाळलेला हा स्वर परक्या कारकुनाने टिपून ठेवला, हे त्याच्या पदरी घातलेच पाहिजे.

1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला, 1560 मध्ये धर्मसमीक्षण सभा आली, आणि अनेक कुळे देव घेऊन वा देव मागे ठेवून कानडा व कोचीकडे गेली. तिकडे बऱ्याच घराण्यांचे गावनाव गळाले आणि उपपदच आडनाव होऊन बसले. उत्तरेकडे शिंदेशाहीतही तसेच: रामचंद्रबाबा सुखटणकर इतिहासात ‘रामचंद्रबाबा शेणवी’ म्हणूनच अधिक परिचित. (‘शानभाग’ मात्र कुळकर्णाच्या वृत्तीवरून आलेले, ते या माळेत ओवू नये.)

पुढे हे नाव स्थळांनाही चिकटले. मुंबईत गिरगावात शेणवीवाडी आहे. चेन्नईतील शेणॉयनगर हे मद्रास महापालिकेचे आयुक्त जे. पी. एल. शेणॉय यांच्या नावाचे. 2017 पासून तेथे मेट्रोचे स्थानकही आहे. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर विसंबू नये. कामाठीपुरा कामतांचा नव्हे, तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांचा.

वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (1877–1946) यांनी तर गावनाव बाजूस ठेवून हेच उपपद टोपणनावात घेतले आणि ते ‘शेणै गोंयबाब’ झाले.

म्हणून पक्षकार कागद पुढे करतो तेव्हा आम्ही स्पेलिंग नंतर पाहतो. आधी मूळ गाव विचारतो, मग कुलदेवता, गोत्र आणि वांगड.