कंपवातग्रस्तांचे सामूहिक व्यायामवर्ग

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन आजार झालेल्या व्यक्तींसाठी रुग्णालयाबाहेर, वस्तीतील सभागृहात, बागेत किंवा नृत्यशाळेत प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमितपणे चालणारे व्यायामाचे उपक्रम. फिजिओथेरपीचे उपचार बहुधा एका रुग्णाच्या विशिष्ट तक्रारीपुरते आणि ठरावीक मुदतीचे असतात; हे वर्ग मात्र वर्षानुवर्षे चालावेत अशाच बेताने आखले जातात, कारण आजारही जन्माची सोबत करणारा असतो.

लंडनमधील वैद्यक व्यावसायिक जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे तपशीलवार वर्णन केले. मेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या भागात डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि त्यामुळे कंप, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा व तोल जाणे ही लक्षणे दिसू लागतात. चालणे, कुशीवर वळणे, सदऱ्याचे बटण लावणे अशा एरवी विचार न करता होणाऱ्या क्रियाच सर्वांत आधी अवघड होतात. उंबरठ्यापाशी किंवा अरुंद जागेत पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे अडून बसते. परंतु त्याच व्यक्तीसमोर जमिनीवर आडव्या रेघा ओढल्या किंवा ठेका धरला, तर ते पाऊल पुष्कळदा सहज उचलले जाते, आणि सपाट जागी अडखळणारे काही जण जिना मात्र विनासायास चढतात. नजरेला किंवा कानाला बाहेरून मिळणाऱ्या अशा खुणेला बाह्य संकेत म्हणतात. मेंदूतील बिघडलेल्या मार्गाला वळसा घालून दुसऱ्या मार्गाने हालचाल घडवण्याचे काम हा संकेत करतो, असे मानले जाते, आणि ताल, मोजणी व समोरच्याची हालचाल यांवर आधारलेल्या समूहवर्गांचा शास्त्रीय पाया तोच आहे.

न्यूयॉर्कमधील मार्क मॉरिस डान्स ग्रूप या नृत्यसंस्थेने ब्रुकलिन पार्किन्सन ग्रूपच्या सहकार्याने २००१ मध्ये सुरू केलेला नृत्यवर्ग या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध उपक्रम होय. तेथे येणाऱ्यांना रुग्ण न मानता नृत्याचे विद्यार्थी मानले जाते, ही त्याची खरी ओळख असून पुढे अनेक देशांतील वर्गांनी ती स्वीकारली. अमेरिकेतच हॅकनी आणि अरहार्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टँगो नृत्य शिकलेल्यांचा तोल व चालण्याची क्षमता सुधारल्याचे आढळले. टँगोत थांबणे, पुन्हा निघणे, मागे पाऊल टाकणे आणि जागीच वळणे सतत येते, आणि कंपवातात नेमक्या याच हालचाली बिघडतात. ताई ची या चिनी व्यायामप्रकाराचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास १९५ व्यक्तींवर केला होता. आठवड्यातून दोनदा असे २४ आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल केवळ ताणाचे किंवा स्नायुबलाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला, आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या मानाने त्यांचे पडणेही कमी झाले.

महाराष्ट्रात या कार्याचे ठळक उदाहरण पुण्यात सापडते. तेथील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट असून, आजारी व्यक्तीला शुभार्थी व तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याचा प्रघात त्याने जपला आहे. रोगी या शब्दाचे ओझे उतरवणारी ही शब्दयोजना मोलाची आहे. कथक व समकालीन नृत्याचे कलावंत हृषीकेश पवार यांनी पुण्यात शुभार्थींसाठी नृत्यवर्ग चालवला आहे.

या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने मुद्रा निर्विकार दिसते, आवाज क्षीण होतो आणि हाताचा कंप चारचौघांत लपवता येत नाही. लग्नकार्याला जाणे टळते, मग बाहेर पडणेच थांबते, आणि हालचाल घटल्याने ताठरपणा आणखी वाढतो. घरच्या घरी एकट्याने करायचा व्यायाम अनेकदा सुटतो तो या एकलेपणातून येणाऱ्या खिन्नतेमुळे. नैराश्य हेही कंपवाताचे वारंवार आढळणारे लक्षण आहे. शेजारच्याचाही हात थरथरतो आहे हे ज्या खोलीत दिसते, तेथे लपवण्याजोगे काही उरत नाही. म्हणून समूह ही या उपक्रमाची केवळ सोय नसून उपचाराचा भाग मानला पाहिजे.

वर्गाची वेळ लेव्होडोपा या मुख्य औषधाच्या मात्रेशी जुळवावी लागते, कारण औषधाचा अंमल असताना शरीर मोकळे असते व तो ओसरताच जखडते. आधारासाठी भक्कम, बिनचाकांच्या खुर्च्या हव्यात. एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा धोका असल्याने बैठे व्यायाम आधी घेऊन सावकाश उठवणे इष्ट ठरते, आणि हृदयविकार किंवा पूर्वी पडण्याचा इतिहास असल्यास वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

व्यायामाने पेशींचा ऱ्हास थांबतो असे सिद्ध झालेले नाही आणि हे वर्ग औषधांना पर्याय नाहीत. तोल, चाल आणि उमेद यांना मिळणारा लाभ मात्र खरा आहे, व सराव सोडल्यावर तो ओसरत जातो. त्यामुळे पहिल्यांदा पडण्याची वाट न पाहता, निदान झाल्यावर शक्य तितक्या लवकर, तोल शाबूत असतानाच शुभार्थी व शुभंकर या दोघांनीही वर्गात जाऊ लागणे हितावह असते.