हरिसाल डिजिटल गाव प्रकल्प

हरिसाल हे अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील, मेळघाटातील गाव आहे. २०१६ मध्ये राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने ते 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आले. दूरचित्रवाणीसाठी राखीव, पण रिकाम्या राहिलेल्या कंप्रतांवरून इंटरनेट देणारे 'व्हाइट स्पेस' तंत्रज्ञान या प्रकल्पाशी जोडलेले होते. अशा लहरी दाट झाडीतूनही तुलनेने दूरवर पोहोचतात. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी येथील सुविधांच्या प्रत्यक्ष स्थितीवर प्रश्न उपस्थित केले.

दूरदर्शनची २००४ मध्ये सुरू झालेली, आता 'डीडी फ्री डिश' नावाने ओळखली जाणारी सेवा थेट उपग्रहावरून, मासिक शुल्काविना मिळते. तिला मोबाइल टॉवर लागत नाही. त्यामुळे दुर्गम भागात दूरचित्रवाणीचे महत्त्व इंटरनेट जोडणी भरवशाची होईपर्यंत टिकून राहते.