जुन्या स्पीकरचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे काय, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. खचलेला चिरा बदलावा, गळके शिखर सांधावे, परंतु मूळ बांधणीस धक्का लावू नये, हा त्यातील विवेक होय. यंत्रांनाही हा विवेक कसा लागू पडतो, हे इंग्लंडात जन्मलेल्या एका लाउडस्पीकरच्या इतिहासावरून चांगले ध्यानात येते.

पीटर वॉकर यांनी १९३६ साली लंडनमध्ये ध्वनियंत्रांचा कारखाना काढला. युद्धातील बॉम्बवर्षावानंतर १९४१ मध्ये तो हंटिंग्डन या लहान गावी गेला आणि पुढे 'क्वाड' या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. त्या काळच्या बहुतेक स्पीकरांचा घाट राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली घालून दिलेला होता. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्यास जोडलेला कागदी शंकू आणि सभोवती लाकडी पेटी, अशी ती रचना. तिच्यात एक अडचण असे. शंकूला वजन असते, आणि पेटी स्वतःही घुमते. त्यामुळे गायकाच्या आवाजात पेटीचाही थोडा आवाज मिसळतो.

आवाज खरा उतरला की नाही, याची परीक्षा त्या पिढीने उघड्यावर घेतली. १९५४ साली व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी वॉकर यांच्या साहाय्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रयोग केला. प्रत्यक्ष वादन आणि त्याचेच ध्वनिमुद्रण श्रोत्यांना पाठोपाठ ऐकविण्यात आले. निवाडा ज्याच्या त्याच्या कानाने करावयाचा होता.

वॉकर यांनी पुढे शंकू आणि पेटी या दोहोंसही रजा दिली. छिद्रे असलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये केसाहून पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसविला. पडद्यावर हजारो व्होल्ट दाबाचा विद्युत्भार ठेवावयाचा आणि पट्ट्यांना संगीताचा विद्युत्प्रवाह द्यावयाचा. म्हणजे पडदा सर्व पृष्ठभागावर एकदम हलतो. हा स्पीकर १९५५ साली लोकांपुढे आला आणि १९५७ पासून विकला जाऊ लागला. दिसावयास तो एखाद्या विजेच्या शेगडीसारखा! १९८१ साली त्याचा वारसदार बाजारात आला, तरी मूळ नमुना १९८५ पर्यंत तयार होत राहिला. फार मोठा आवाज अथवा अतिखर्जाचा दणका याच्याकडून मागू नये. मानवी कंठ हा मात्र त्याचा खास प्रांत आहे. ख्याल-ठुमरीच्या जुन्या तबकड्या जपणाऱ्या आपल्या मंडळींना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

ज्या गुणांमुळे हे यंत्र थोर ठरले, त्यांतच त्याची नाजूकता आहे. विद्युत्भारित पडदा धूळ ओढून घेतो. म्हणून त्याच्या पुढेमागे संरक्षक पापुद्रा बसविलेला असतो. तो फाटला तर धूळ आणि दमट हवा आत शिरते, भार पाझरू लागतो आणि तडतड ऐकू येते. उच्च दाबाची वीज पुरविणारा भागही वयोमानाने थकतो. आवाज वर्षानुवर्षे क्षीण होत जातो, आणि सवयीच्या कानाला ते कळतही नाही. जोडीतील एक स्पीकर आधी थकला, तर मधोमध बसलेला गायक एका बाजूस सरकल्यासारखा वाटतो. हे लक्षण ओळखावे. मूळ जोडणी क्वाडच्याच १५ वॅटच्या, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरशी होती. पुढे अनेकांनी हौसेने प्रबळ ट्रान्झिस्टर अँप्लिफायर जोडले, आणि उंच स्वरांच्या पडद्यांना ठिणगीने भोके पडली.

तरीही हे यंत्र सुधारता येते. पडदे नवे ताणता येतात, विजेचा थकलेला भाग बदलता येतो. चौकट आणि ध्वनीचे ट्रान्सफॉर्मर बहुधा टिकून असतात. ते उगाच बदलू नयेत. हे काम मात्र जाणत्या कारागिराचेच. बटण बंद करून तार काढली तरी आत काही काळ भार राहतो, तेव्हा मागचे झाकण घरी उघडण्याचे धाडस कोणी करू नये.

खरा धोका दुसराच आहे. वडीलधाऱ्यांच्या पश्चात घर आवरताना हे मुके, धुळकट चौकोन भंगारात जातात. ते बिघडले आहेत की केवळ थकले आहेत, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. यास्तव ज्यांच्या घरी अशी जोडी असेल त्यांनी एक लहानशी वही तिच्याजवळ ठेवावी. कोणता पडदा कोणत्या वर्षी बदलला, कोणता अँप्लिफायर चालतो, कोणता चालत नाही, हे तीत स्वच्छ लिहून ठेवावे. जुन्या देवळांच्या भिंतीवर जीर्णोद्धार करणाऱ्यांनी आपले साल कोरून ठेवले, म्हणून पुढच्यांना मागचा दगड आणि नवा दगड ओळखता आला. या वहीचे कामही तेच आहे.