आधी फळा, मग आभाळ

भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीच्या पंचक्रोशीला विमानाचं अप्रूप नाही. बीदरच्या तळावर वायुदलाचे वैमानिक घडतात. हवाई कसरती करणारं सूर्यकिरण पथकही १९९६ साली तिथंच उभं राहिलं. पण बिनइंजिनाचं विमान शिकायचं, तर पूर्वापार वाट पुण्याची, हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग केंद्राची.

या विद्येचा जोर वाढला तो बंदीमुळे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीच्या विमानांवर निर्बंध आणले, तेव्हा तिथली पोरं ग्लायडर घेऊन वासरकुप्पेच्या डोंगरावर चढली. १९२० पासून तिथं स्पर्धा भरू लागल्या.

आपल्याकडे ग्लायडिंग शिकवण्याचं काम सरकारनं अंगावर घेतलं. नागरी विमान खात्याचे एस. राममृतम यांनी देशी ग्लायडर आखले आणि त्यांना नावं दिली थेट पंचांगातली: अश्विनी, कार्तिक, रोहिणी. रोहिणीत गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसत, त्यामुळे हातवाऱ्यांनीही शिकवता येई. पुढे खात्याच्या ग्लायडरांत मृगशीर्ष आणि आर्द्राही आली. गंमत अशी, की मृग लागला की ढग खाली येतात, जमीन तापत नाही आणि ग्लायडरला वर नेणारे उष्ण हवेचे झोत मंदावतात.

म्हणूनच उडण्याआधीच्या, जमिनीवरच्या वर्गात हवामानाला पहिला मान द्यायला हवा. नियम, दिशाशोधन, उपकरणं हे सगळं लागतंच. पण इंजिन नसलेल्याला ढग वाचता आला नाही, तर बाकीचं पाठांतर काय कामाचं? दुसरा धडा तार तुटण्याचा. उड्डाणाच्या वेळी जमिनीवरची विंच, म्हणजे तार गुंडाळणारं यंत्र, ग्लायडरला तारेनं खेचते. तारेत मुद्दाम एक कमकुवत कडी असते. ताण वाढला की ती तुटते आणि ग्लायडर वाचतो. त्या क्षणी आधी नाक खाली, मग वेग, आणि त्यानंतरच समोर उतरायचं की वळायचं हा निर्णय. हा क्रम बाकावर बसूनच तोंडपाठ व्हायला हवा. वर गेल्यावर विचाराला सवड नसते. काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागाही इथंच समजावतात: तो तिरका झाला, की विमान हवेत आडवं घसरतंय.

विद्यार्थी-परवान्याला वयाची सोळा वर्षं पुरी लागतात. भालकी तालुक्यातलं पोरगं साधारण याच वयात दहावीच्या एसएसएलसी परीक्षेतून मोकळं होतं, ते एप्रिलात, दख्खनची जमीन सर्वांत तापलेली असताना. तोवर वर्ग उरकलेला असेल, तरच ती सुट्टी उडण्यासाठी उरते.