शुद्धीचे मोजमाप

शाळेच्या पटांगणात एखादे मूल भोवळ येऊन पडले तर आपण काय करतो? आधी नावाने हाक मारतो. डोळे उघडले नाहीत तर खांदा हलवतो, चिमटा काढून पाहतो. मूल ‘बाई, काय झालं?’ असे म्हणाले की आपला जीव भांड्यात पडतो. हाक, वेदना आणि प्रतिसाद या साध्या गोष्टींतूनच वैद्यकातली एक महत्त्वाची मोजपट्टी तयार झाली. विषबाधेच्या रुग्णापुढे ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसवते, हा इतिहास आपण पाहू. मोजमाप म्हणजे काय, हे वर्गात शिकवतानाही तो कामी येईल.

जागे करण्याचा हट्ट

एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०३ मध्ये बार्बिटाल हे झोपेचे औषध पुढे आणले. त्याची भावंडे लवकरच घरोघरी पोचली आणि अतिसेवनाने बेशुद्ध झालेले रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. रुग्ण झोपला आहे, तर त्याला जागे करावे, असा तेव्हाचा विचार होता. म्हणून पिक्रोटॉक्सिन, निकेथामाइड अशी उत्तेजक औषधे टोचत. त्यांनी झटके येत, हृदयाची लय बिघडे आणि बरेच रुग्ण दगावत.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे १९४९ मध्ये विषबाधेच्या रुग्णांसाठी खास केंद्र सुरू झाले. कार्ल क्लेमेसेन आणि भूलतज्ज्ञ एरिक नील्सन यांनी तेथे उलटा मार्ग धरला. रुग्णाला जागे करायचेच नाही. श्वासमार्ग मोकळा ठेवायचा, प्राणवायू द्यायचा, रक्तदाब सांभाळायचा, कूस बदलत राहायचे. विष बाहेर टाकण्याचे काम शरीर स्वतःच करते, त्याला फक्त वेळ मिळवून द्यायचा. मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरातून १ ते २ टक्क्यांवर आले.

पण वाट पाहायची तर रुग्ण खोल चालला आहे की वर येतो आहे, हे तासातासाला कळायला हवे. मोजपट्टीची गरज येथे निर्माण झाली. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे हेन्री मॅथ्यू आणि अलेक्झांडर लॉसन यांनी १९६६ मध्ये चार पायऱ्या मांडल्या : गुंगीत आहे पण सांगितलेले ऐकतो, हलक्या वेदनेला प्रतिसाद देतो, तीव्र वेदनेला जेमतेम प्रतिसाद देतो, कशालाच प्रतिसाद नाही.

ग्लासगोची पट्टी

शेजारच्या ग्लासगो शहरात ब्रायन जेनेट आणि ग्रॅहम टीसडेल यांच्यापुढे वेगळे रुग्ण होते. ते डोक्याला मार लागलेल्यांवर उपचार करत. ‘अर्धवट बेशुद्ध’ या शब्दाचा अर्थ एक डॉक्टर एक घेई, तर दुसरा दुसराच. म्हणून १९७४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तीन स्वतंत्र निरीक्षणे सुचवली : डोळे केव्हा उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो. पुढे त्यांना गुण मिळाले. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण जास्तीत जास्त १५ आणि कमीत कमी ३.

कमीत कमी ३, शून्य नव्हे! म्हणजे काहीच प्रतिसाद न देणाऱ्यालाही ३ गुण मिळतात. हे गुण सेंटिमीटरसारखे नाहीत, ते वर्गातल्या क्रमांकासारखे आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर दुसऱ्या आणि तिसऱ्याइतकेच असेल असे नाही. शिवाय २+२+५ आणि ४+१+४ या दोन्हींची बेरीज ९ च. पण पहिला वेदनेनेच डोळे उघडतो व नुसता कण्हतो, मात्र दुखते तेथे त्याचा हात पोचतो. दुसऱ्याचे डोळे आपणहून उघडे आहेत, पण तोंडून आवाजही नाही. बेरजेत ही दोन माणसे हरवतात.

विषापुढे आकडा

डोक्याला मार लागतो तेव्हा मेंदूला प्रत्यक्ष इजा होते. झोपेच्या औषधाने मेंदूचे काम केवळ मंदावते. म्हणून पहिल्या रुग्णाचे ३ गुण फार चिंतेचे, तर दुसरा त्याच ३ गुणांवरून पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो.

आठ किंवा त्याहून कमी गुण असतील तर श्वासनलिकेत नळी घालावी, हा नियम मेंदूच्या इजेवरून आला आणि विषबाधेलाही सर्रास लावला गेला. फ्रान्समध्ये विषबाधेने बेशुद्ध झालेल्या, नऊपेक्षा कमी गुणांच्या २२५ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नळीची तातडीची गरज नसलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना शक्यतो नळी न घालता नुसते लक्षपूर्वक सांभाळले. त्यांना त्रास कमी झाला आणि दोन्ही गटांत रुग्णालयात एकही मृत्यू झाला नाही. कोपनहेगनचाच धडा नव्याने गिरवला गेला!

उलट चूक अधिक घातक आहे. एडिंबराच्या त्या पायऱ्या प्रसिद्ध झाल्या त्याच वर्षी, १९६६ मध्ये, पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने यकृत निकामी होते हे एडिंबरातूनच प्रसिद्ध झाले. असा रुग्ण पहिल्या दिवशी पूर्ण शुद्धीत असतो, १५ पैकी १५. अपाय दोन-तीन दिवसांनी दिसतो. उतारा मात्र पहिल्या काही तासांतच सर्वांत गुणकारी ठरतो.

कीटकनाशकांचे तसेच. श्रीलंकेतील १३६५ रुग्णांच्या अभ्यासात (२००८) असे दिसले, की सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची बाधा झालेल्यांत ग्लासगोचे गुण पुढचा धोका बऱ्यापैकी सांगतात. १३ किंवा त्याहून कमी असतील तर कडक देखरेख हवी. पण त्यांतील एका कीटकनाशकाने दगावलेल्यांपैकी निम्म्यांना येताना सौम्यच लक्षणे होती. ते चरबीत मुरते आणि सावकाश काम करते. श्रीलंकेतील डॉक्टरांनीच १९८७ मध्ये नोंदवले होते, की असे काही रुग्ण सुधारल्यासारखे वाटतात आणि एक ते चार दिवसांनी त्यांचे श्वसनाचे स्नायू दुबळे पडतात.

हे दूरचे नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली, काही जण दगावले. फवारणी करून आलेला माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि घरचे निर्धास्त होतात. आम्ही प्रयोगशाळेतली माणसे आकड्यावर चटकन विश्वास ठेवतो. पण या पट्टीने मोजली जाते ती आत्ताची शुद्ध. पोटात काय गेले आणि ते पुढे काय करणार, हे तिला ठाऊक नसते.

म्हणून मुलांना एवढे जरूर सांगावे. विषाचा संशय आला की माणूस बोलतो आहे, या आधारावर थांबू नये. गुंगी असेल तर उलटी करवू नये, पाणी पाजू नये, कुशीवर वळवावे. आणि ज्याची बाधा झाली ती बाटली किंवा वेष्टन सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना आकड्याइतकेच ते नावही हवे असते.