आडनाव आणि टोपणनाव

बीड जिल्ह्यात नवख्या मनुष्याचे आडनाव कळले की लोक त्याच्या जातीचा अदमास बांधितात. २०२५ च्या आरंभी तेथील पोलीस दलाने नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढून टाकिली, ती याच कारणाने. उलट महाविद्यालयीन तरुण भ्रमणध्वनीवर सहाध्यायाचा पाणउतारा करावयास बसला म्हणजे आपले नाव आपण होऊन गाळतो. नाव गाळल्याने एकीकडे द्वेष शमावा आणि दुसरीकडे तो मोकाट सुटावा, हे कोडे आम्हांस विचारार्ह वाटते.

१९६९ साली झिंबार्डो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थिनींना तोंड झाकणारे बुरखे दिले, काहींच्या अंगावर नावाच्या चिठ्ठ्या लाविल्या, आणि एका स्त्रीस विजेचे झटके द्यावयास सांगितले. झटके खोटे होते; देणारींस ते ठाऊक नव्हते. बुरख्यातल्या मुलींनी कळ सुमारे दुप्पट वेळ दाबून धरिली. निनावीपणा हीच क्रौर्याची जननी, असे यावरून सर्रास म्हणतात. परंतु १९७९ साली जॉन्सन व डाउनिंग यांनी काहींस कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन टोळीसारखा वेष दिला, काहींस परिचारिकेचा. तेव्हा परिचारिकेच्या वेषात निनावी झालेल्यांचा हात उलट आखडला. नाव टाकणारा मनुष्य ज्या कळपाचा वेष घेतो त्या कळपासारखा वागतो, असेच आम्ही समजतो.

बीडकडील टोपणनावांतही पुष्कळदा जातीचे निशाण असतेच! स्वतःचे नाव झाकलेले, जातीचे मिरविलेले. हा वेष कालपरवाचा नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला, आणि प्रांतभर दलितांची घरे जळाली. विरोधात विद्यार्थी अग्रभागी होते. नामविस्तारास १४ जानेवारी १९९४ उजाडले. त्या पिढीची मुले-नातवंडे आज महाविद्यालयांत आहेत, आणि घरात कानांवर पडलेले घेऊनच ती येतात. फरक इतकाच की तेव्हा रस्त्यावर उतरावे लागे, तोंड दिसे. आज अंथरुणावर पडल्यापडल्या काम होते. दुखावलेल्याचा चेहरा दिसत नाही, हसणाऱ्यांच्या खुणा मात्र मोजता येतात. तरुणास गोडी लागते ती या मोजणीची.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. त्याच्या डोळ्यांपुढे वसतिगृहातला दांडगा विद्यार्थी होता. टोपणनावामागचा इसम पोलिसांस पुष्कळदा सापडतोही. पण गटात दीडदोनशे जण मुकाट्याने वाचीत असतात, आणि ज्याच्यावर चिखल उडतो तो त्या मौनालाच संमती समजतो. या वाचणाऱ्यांना कोणते कलम लावणार?