कामिनोच्या वाटेवरचे दगडी घर

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिसिया प्रांतात, विशेषतः लुगो परगण्यात, जुनी दगडी शेतघरे विक्रीला निघतात. जाहिरातीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात : घर ऐतिहासिक आहे, यात्रामार्गाजवळ आहे आणि दुरुस्तीस योग्य आहे. यातल्या पहिल्या दोन विशेषणांचा परस्परसंबंध वाचणारा सहज गृहीत धरतो. प्रेषित याकोबाच्या समाधीकडे, म्हणजे सान्तियागो दे कोम्पोस्तेलाकडे निघालेला मध्ययुगीन यात्रेकरू याच चुलीपाशी अंग शेकत बसला असेल, असे चित्र मनात उभे राहते. हे चित्र तपासून पाहण्यासारखे आहे.

समाधीचा शोध नवव्या शतकातला. बाराव्या शतकातील 'कोडेक्स कालिक्स्टिनस' या हस्तलिखिताच्या पाचव्या खंडात तर यात्रेकरूंसाठी मार्गदर्शिकाच आहे. पण यात्रेकरूंच्या मुक्कामाची व्यवस्था मुख्यतः मठांनी आणि त्यांच्या धर्मशाळांनी पाहिली. शेतकऱ्याचे घर या यात्रेशी जोडलेले होते ते निराळ्या दोरीने. सामोससारख्या मठाची जमीन कुळे कसत आणि धान्याच्या रूपाने खंड भरत. मठाच्या दारी यात्रेकरूला मिळणारी भाकरी अशा खंडातून येई. म्हणजे यात्रेचा इतिहास या घरात आला नाही, तो या घरातून बाहेर गेला, असे म्हणावे लागते.

या कुळवहिवाटीला 'फोरो' म्हणत. करार बहुधा तीन पिढ्यांच्या किंवा तीन राजांच्या हयातीपुरता असे. मुदत संपली की मालक खंड वाढवू पाही वा कुळाला काढू पाही. 1763 साली राजाज्ञेने अशी हकालपट्टी थांबवली आणि कूळ व्यवहारात कायमचे झाले. उद्या बाहेर काढले जाण्याचे भय असेल तर माणूस हातभर रुंदीची भिंत रचत नाही. दगडी घरांच्या टिकाऊपणामागे या स्थैर्याचाही वाटा असावा, असे मला वाटते. पुढे 1835-36 च्या सुमारास मेन्दिसाबाल या मंत्र्याच्या कारकिर्दीत मठ बंद झाले, त्यांच्या मिळकती लिलावात निघाल्या. कुळाच्या दृष्टीने बदलला तो केवळ खंड घेणारा हात. साधूच्या जागी शहरातला सावकार किंवा वकील आला. कुळांना रक्कम भरून यातून सुटण्याची वाट कायद्याने मोकळी झाली ती 1926 साली.

घराची रचनाही हाच हिशेब सांगते. खाली गोठा, वर माणसे. गुरांची ऊब फळ्यांमधून वर येते. 'लारेइरा' म्हणजे उघडी दगडी चूल. तिच्याभोवती हिवाळा काढायचा. पूर्वेकडच्या डोंगरात छपरावर पाटीच्या दगडाच्या चिपा. अंगणात 'ओर्रेओ', म्हणजे दगडी खांबांवर उचललेले धान्याचे कोठार. खांबांच्या माथ्यावर आडवे चपटे दगड, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून. अमेरिकेतून आलेला मका सतराव्या शतकात इथे रुजला आणि ओल्या हवेत कणसे वाळवण्यासाठी ही कोठारे वाढत गेली. त्याआधी गरिबाचे पोट बरेचसे चेस्टनटवर भरत असे. 1973 च्या हुकमाने शंभर वर्षांहून जुन्या ओर्रेओंना संरक्षण मिळाले. गोठ्याला मात्र कोणी वारसा म्हणत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या घरांकडे जाण्याची वाट रोसालिया दे कास्त्रो हिच्या 'फोयास नोवास' (1880) या संग्रहातून सापडते. त्यातल्या एका विभागाच्या शीर्षकातच जिवंतांच्या विधवा आणि मृतांच्या विधवा अशी जोडी आहे. जिवंतांच्या विधवा म्हणजे ज्यांचे नवरे क्यूबाला वा अर्जेंटिनाला गेले, त्या बायका. गॅलिसियातून इतके लोक गेले की ब्युनोस आयरेसमध्ये कुठल्याही स्पॅनिश माणसाला 'गायेगो' म्हणतात. मागे राहिलेल्या बायकांनी शेत, गुरे आणि घर सांभाळले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंड-जर्मनीकडे दुसरी लाट गेली, आणि यावेळी अनेक घरांची दारे मागे कोणी न उरल्याने बंद झाली. आज गॅलिसियात सुमारे 30,000 लहानमोठ्या वस्त्या नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या दीड हजारांहून अधिक निर्मनुष्य आहेत.

दरम्यान वाट पुन्हा जिवंत झाली. ओ सेब्रेइरोचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1980 च्या दशकात मार्गावर पिवळे बाण रंगवले. 1993 साली युनेस्कोने स्पेनमधील मार्गाला जागतिक वारसा ठरवले. 2024 साली पाच लाखांच्या जवळ यात्रेकरूंची नोंद झाली. प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर पायी चालणे पुरते, म्हणून सार्रिआपासून पुढे गर्दी दाटते. (आपल्याला वारी आठवणे स्वाभाविक आहे, पण वारी ठरलेल्या तिथीला, दिंडीने जाते. इथे वर्षभर, बहुधा एकेकटा, जो तो आपल्या सवडीने चालतो.) त्यामुळे वाटेजवळच्या पडक्या घराला किंमत आली.

दुरुस्ती म्हणजे काय, हा प्रश्न इथे खरा होतो. जुनी भिंत म्हणजे दगडांचे दोन थर आणि मध्ये माती-खडीचे भरण. ती ओल शोषते आणि सोडते. सांध्यांत सिमेंट भरले की ओल आत कोंडते. चुन्याने दर्जा भरणे हाच उपाय. आणखी एक विसंगती अशी की, पाहुण्यांना उघडा दगड आवडतो म्हणून गिलावा खरवडून काढतात. अनेक घरांना पूर्वी चुन्याचा गिलावा असे. उघड्या दगडाची हौस अलीकडची आहे. मग गोठ्याची बैठक होते, चुलीवरची काजळी घासून निघते.

याला सरसकट दोष देणे मला पटत नाही. छप्पर नसलेली भिंत त्या पावसात फार काळ तग धरत नाही, आणि राबते घर पडक्या घरापेक्षा बरे. पण गॅलिसियात घराला स्वतःचे नाव असते आणि माणूस त्या घराच्या नावाने ओळखला जातो. लोहाराचे घर म्हटले की त्यातली नातवंडेही 'लोहाराकडची', मग घरात भाता असो वा नसो. नवा मालक दारावर पाटी लावतो, तेव्हा तिच्यावर बहुधा शिंपला कोरलेला असतो.